स्टीरिओ मॅचिंगमधून ०.५ मिमी खोली हवी आहे, डिस्पॅरिटी नकाशा मात्र निव्वळ ठिपक्यांचा

खडबडीत (प्रश्न)

दोन कॅमेऱ्यांच्या फोटोंत तोच बिंदू किती सरकलेला दिसतो (डिस्पॅरिटी) ते जुळवून, म्हणजे स्टीरिओ मॅचिंगने, काँक्रीटच्या एका नमुन्याची दर्शनी बाजू मोजायची आहे. आकार १ मी × ०.७ मी. पृष्ठभागाचे चढउतार आणि नमुन्याचा कल धरून सगळं कॅमेऱ्यांपासून १.९ ते २.१ मीटरच्या आत बसतं. भार देण्याआधी एकदा आणि नंतर एकदा मोजून फरक काढायचा आहे. खोलीच्या दिशेने ०.५ मिमीचा फरक खात्रीने सांगता यायला हवा.

मांडणी अशी: २४ मेगापिक्सेलचे (६००० × ४०००) एकसारखे दोन कॅमेरे, ३५ मिमीच्या लेन्स, एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ४० सेंमी अंतरावर, जवळजवळ समांतर बसवलेत. चेसबोर्डने कॅलिब्रेशन केलं (कॅमेऱ्यांची आतली मूल्यं आणि एकमेकांसापेक्ष स्थिती काढली), फोकल लेंथ ५८३३ पिक्सेल आली, आरएमएस (सरासरी चूक) ०.३१ पिक्सेल. ओपनसीव्ही या लायब्ररीत फोटो रेक्टिफाय करून (दोन्हींतला तोच बिंदू एकाच ओळीवर आणून) एसजीबीएम हा मॅचिंग अल्गोरिदम चालवतोय. मिनडिस्पॅरिटी (शोधाची सुरुवात) ०, नमडिस्पॅरिटीज (शोधाची रुंदी) १२८, ब्लॉकसाइझ (जुळवायच्या चौकोनाची बाजू) ५, बाकी सगळं डिफॉल्ट.

नकाशात नमुन्याचा आकारसुद्धा दिसत नाही, नुसता ठिपक्यांचा पाऊस. ब्लॉकसाइझ ३ पासून २१ पर्यंत फिरवून झाला. काँक्रीटवर टेक्श्चर पुरेसं नाही म्हणून असं होतंय, की अल्गोरिदमच बदलावा?

---

लंबक

टेक्श्चरला बोल लावण्याआधी एक गुणाकार-भागाकार करा. डिस्पॅरिटी म्हणजे फोकल लेंथ (पिक्सेलमध्ये) गुणिले बेसलाइन (दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर) भागिले वस्तूचं अंतर. तुमच्या आकड्यांनी ५८३३ × ०.४ = २३३३. अंतर २ मीटर असेल तर डिस्पॅरिटी ११६७ पिक्सेल. तुम्ही शोध घेताय ० ते १२७ मध्ये. त्या पट्ट्यात फक्त १८ मीटरच्या पलीकडच्या वस्तू येतात. नमुना तिथे नाहीच, म्हणून अल्गोरिदम हाती लागेल ते उचलतो. ब्लॉकसाइझ कितीही फिरवलात तरी चुकीच्या गल्लीत शोधलेलं घर सापडणार नाही.

१.९ मीटरला १२२८ आणि २.१ मीटरला ११११, म्हणजे पट्टा जेमतेम ११७ पिक्सेलचा आहे. मिनडिस्पॅरिटी ११०४ ठेवा, नमडिस्पॅरिटीज १२८ च राहू द्या (ती संख्या १६ च्या पटीत लागते). शोध ११०४ ते १२३१ असा होईल. काही जण त्याऐवजी उजवा फोटो ११०० पिक्सेल सरकवून घेतात. तेही चालतं, पण शेवटी ते ११०० परत मिळवायला विसरलं की सगळी मापं कोलमडतात.

दुसरं म्हणजे पी१ आणि पी२ (शेजारच्या पिक्सेलच्या डिस्पॅरिटीत फरक पडला की लागणारा दंड) डिफॉल्टवर सोडू नका. दोन्ही शून्य दिले की ओपनसीव्ही आतून २ आणि ५ धरतो, म्हणजे गुळगुळीतपणाची अट जवळपास नसल्यासारखीच. ग्रेस्केलसाठी पी१ = ८ × ब्लॉकसाइझचा वर्ग आणि पी२ = ३२ × ब्लॉकसाइझचा वर्ग. ब्लॉकसाइझ ५ ला हे २०० आणि ८०० होतात. खोट्या जुळण्या गाळणाऱ्या सेटिंग्जसाठी डिस्प१२मॅक्सडिफ १, युनिकनेस रेशो १०, स्पेकल विंडो १००, स्पेकल रेंज २ इथून सुरुवात करा.

डावीकडचा साधारण १२०० पिक्सेलचा पट्टा रिकामा येईल. तो दोष नाही. तिथलं दृश्य उजव्या कॅमेऱ्याला दिसतच नाही. तुमची ओव्हरलॅप ८० टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे १ मीटरचा नमुना मधल्या भागात आरामात मावतो.

---

खडबडीत

फरक पडला! नमुना स्वच्छ दिसतोय. पण तीन गोष्टी उरल्यात.

एक, मागे झुकलेल्या वरच्या कोपऱ्यात एक तिरका पट्टा रिकामाच येतो. दोन, टेपने २.००० मीटर भरणारं अंतर मी सूत्राने काढतो तेव्हा २.०२५ येतं. तीन, तपासणीसाठी सपाट फळी थोडी तिरकी करून ठेवली, तर पॉइंट क्लाउडमध्ये (मोजलेल्या बिंदूंच्या त्रिमितीय संचात) चक्क जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. प्रत्येक पायरी पावणेदोन मिमीच्या आसपास.

---

अर्धा_पिक्सेल

पायऱ्यांपासून सुरू करतो, कारण पायरीची उंचीच कारण सांगते.

तुमच्या मांडणीत १ पिक्सेल डिस्पॅरिटी म्हणजे खोलीत किती, तर अंतराचा वर्ग भागिले (फोकल लेंथ × बेसलाइन). ४ भागिले २३३३, म्हणजे १.७१ मिमी. तुमची पायरी नेमकी तेवढीच आहे. अर्थ एकच, की अपूर्णांक कुठेतरी गळतोय. एसजीबीएम १६ बिटी पूर्णांक देतो आणि त्यातले शेवटचे ४ बिट अपूर्णांकाचे असतात, म्हणून उत्तराला १६ ने भागायचं असतं. तुम्ही आधी फ्लोटमध्ये न बदलता पूर्णांक भागाकार केलात. पायथनमध्ये दोन तिरक्या रेघांचा भागाकार वापरलाय का बघा. आधी फ्लोट३२, मग १६.० ने भागा.

न जुळलेल्या पिक्सेलना एसजीबीएम मिनडिस्पॅरिटीहून १ ने कमी किंमत देतो, तुमच्याकडे ती ११०३. मिनडिस्पॅरिटी ० होती तेव्हा हे पिक्सेल उणे आकड्यांमुळे लगेच ओळखू यायचे. आता ११०३ हा अगदी सभ्य आकडा दिसतो आणि नमुन्यामागे २.११ मीटरवर एक खोटी सपाट भिंत उभी करतो. खोलीत बदलण्याआधी हे पिक्सेल काढून टाका.

पायऱ्या ओळखायची किल्ली अशी. उंची १.७ मिमी आणि माथा सपाट, तर पूर्णांकाचा घोळ. उंची ०.११ मिमी, तर ती १/१६ पिक्सेलची जाळी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करा. आणि कडा नसलेल्या मऊ लाटा, पण एका लाटेपासून दुसरीपर्यंत खोलीचा फरक बरोबर १.७ मिमी, तर ते पिक्सेल लॉकिंग, म्हणजे उत्तरं पूर्ण पिक्सेलकडे ओढली जाणं. पहिली दुरुस्ती झाल्यावर तुम्हाला हे तिसरंच दिसेल अशी माझी पैज.

---

सूत्रधार

२.०२५ आणि रिकामा कोपरा, दोन्हींचं मूळ एकच आहे. सूत्रात ५८३३ कुठून घेतलात? तो मूळ कॅलिब्रेशनचा आकडा. स्टीरिओरेक्टिफाय दोन्ही कॅमेऱ्यांसाठी नवी, सामाईक फोकल लेंथ ठरवतं. लेन्सला बॅरल विकृती (सरळ रेषा बाहेर फुगणं) असेल तर ती फोकल लेंथ कमी होते, शिवाय अल्फा या सेटिंगप्रमाणेही बदलते. रेक्टिफाय केलेल्या फोटोंसाठी स्टीरिओरेक्टिफाय देतं त्या पी१ मॅट्रिक्सचा (एसजीबीएमचा पी१ वेगळा) पहिलाच आकडा वापरायचा. तुमच्या चुकीवरून उलटं गणित केलं तर तो ५७६० च्या आसपास असणार. सांगा बरोबर आहे का. त्याहून सरळ मार्ग म्हणजे हाताने सूत्र लिहूच नका, तिथेच मिळणारं, डिस्पॅरिटीवरून खोली काढणारं क्यू मॅट्रिक्स द्या आणि रिप्रोजेक्टइमेजटू३डी वापरा. झीरो डिस्पॅरिटीचा फ्लॅग लावला नसेल तर दोन प्रिन्सिपल पॉइंटमधला (लेन्सचा अक्ष फोटोला जिथे भेटतो त्या बिंदूंमधला) फरकही डिस्पॅरिटीत मिसळतो. क्यू तोही सांभाळून घेतो, हाताचं सूत्र घेत नाही.

फोकल लेंथ ५७६० झाली की २.१ मीटरची डिस्पॅरिटी १०९७ होते. तुमचा शोध ११०४ ला थांबतो, म्हणजे २.०८७ मीटरच्या पलीकडचं सगळं बाद. तोच तुमचा तिरका पट्टा. मिनडिस्पॅरिटी १०८८, नमडिस्पॅरिटीज १४४ करा. १.८७ ते २.११ मीटर पदरात पडेल.

---

खडबडीत

पी१ मॅट्रिक्समध्ये ५७६१ आहे! अंतर आता २.००१ येतं आणि कोपराही भरला. फ्लोट केल्यावर पायऱ्या गेल्या, आणि अर्धा_पिक्सेल पैज जिंकले: मऊ लाटा आहेत, उंची पाव मिमीच्या आसपास. शिवाय फळी मध्यापासून कडेकडे बशीसारखी वळलेली दिसते, साधारण ०.४ मिमी. फळी स्टीलच्या पट्टीने तपासली, ती सरळ आहे.

---

अर्धा_पिक्सेल

लाटांबद्दल. एसजीबीएम पूर्ण पिक्सेलवरच्या तीन किमतींना पॅराबोला बसवून अपूर्णांक काढतो. त्याची किंमत काढण्याची पद्धत मुळात पॅराबोलासारखी वागत नाही, म्हणून उत्तरं पूर्णांकाकडे ओढली जातात. चूक ०.१५ पिक्सेलपर्यंत सहज जाते, तुमच्याकडे ती पाव मिमी.

खात्री करायची असेल तर सपाट फळी इतकी तिरकी ठेवा की तिच्यावर डिस्पॅरिटी किमान १० पिक्सेलने बदलेल (कडेपासून कडेपर्यंत १७–१८ मिमी). मग फक्त अपूर्णांकांचा हिस्टोग्राम काढा, १६ खान्यांचा. निरोगी मॅचिंगमध्ये प्रत्येक खान्यात ६ टक्क्यांच्या आसपास पिक्सेल येतात. पहिल्या आणि शेवटच्या खान्यांत ढीग आणि मधे खळगा दिसला की लॉकिंग पक्कं.

उपाय: एसजीबीएमचं उत्तर ही सुरुवात समजा आणि त्यावर लीस्ट स्क्वेअर्स मॅचिंग चालवा. ही पद्धत १९८० च्या दशकात फोटोग्रामेट्रीतूनच (फोटोंवरून मोजमाप करण्याच्या शास्त्रातूनच) आली, ग्रून यांनी १९८५ मध्ये मांडलेलं रूप आजही चालतं. डाव्या फोटोतली खिडकी घ्या, २१ × २१ पिक्सेल. उजव्या फोटोतली खिडकी सरकवून, ताणून, तिरकी करून तिच्यावर बसवा आणि दोन्हींच्या राखाडी छटांमधल्या फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करा. पूर्ण रूपात ६ भौमितिक आणि २ प्रकाशाचे (चमक, कॉन्ट्रास्ट) असे ८ अज्ञात असतात, आणि निरीक्षणं ४४१. रेक्टिफाय केलेल्या जोडीत आडवा सरक, आडवा ताण आणि आडवा कल हे तीनच भौमितिक अज्ञात पुरतात.

पण मी उभा सरकही मोकळा ठेवतो, आणि तो मुद्दाम. तो शून्याभोवती विखुरला तर रेक्टिफिकेशन ठीक. त्याचा मध्यक ०.३–०.४ पिक्सेलवर जाऊन बसला तर मॅचिंग थांबवून कॅलिब्रेशनकडे परत जायचं. फुकटात मिळणारी तपासणी आहे.

५ ते १० फेऱ्यांत सरकेतला दर फेरीचा बदल ०.०१ पिक्सेलच्या खाली येतो. सुरुवातीची जागा उत्तरापासून १–२ पिक्सेलच्या आत असेल तरच पद्धत नीट जुळते, म्हणून फेऱ्यांनंतर २ पिक्सेलहून लांब गेलेला बिंदू टाका. शेवटचा सहसंबंध ०.८५ खाली असेल तोही टाका. प्रत्येक पिक्सेलवर चालवायची गरज नाही. २१ च्या खिडकीला दर ५ पिक्सेलवर एक बिंदू भरपूर झाला, त्याहून दाट घेतलात तर शेजारचे बिंदू एकच माहिती पुन्हा सांगतात. चांगल्या टेक्श्चरवर ०.१ पिक्सेल धरून चाला, म्हणजे ०.१७ मिमी. समीकरणं स्वतःच जी प्रमाणचूक दाखवतात ती नेहमी फार आशावादी असते, अहवालात ती लिहू नका.

रेक्टिफाय करताना रीमॅपला (पिक्सेल नव्या जागी बसवणाऱ्या फंक्शनला) बायलिनियर इंटरपोलेशन दिलंय का? बदला. बायलिनियर अर्ध्या पिक्सेलवर फोटो जास्त पुसट करतं आणि पूर्ण पिक्सेलवर अजिबात नाही, त्यामुळे लॉकिंगला आणखी हातभार लागतो. क्युबिक किंवा लँक्झोस४ घ्या. आणि विकृती काढणं व रेक्टिफाय करणं एकाच रीमॅपमध्ये उरका, दोनदा नको.

---

लंबक

बशीचं कारण बहुधा मॅचिंगमध्ये नाहीच, तुमच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत आहे.

एक कॅमेरा उभ्या अक्षाभोवती फक्त ०.०१ अंशाने वळला तर प्रतिमा ५८३३ × ०.०००१७५, म्हणजे जवळपास १ पिक्सेल सरकते. एक पिक्सेल म्हणजे पावणेदोन मिमी. हा सरक सगळीकडे सारखा असता तर निदान फळी सपाट तरी राहिली असती. पण कडेला, मध्यापासून ३००० पिक्सेलवर, तो १.२६ पट होतो. कडा आणि मध्य यांत पाव पिक्सेलचा फरक, म्हणजे ०.४६ मिमीची बशी. तुमचा आकडा याच घरातला आहे.

वाईट भाग पुढे. इतर दोन दिशांच्या चुका उभ्या पॅरॅलॅक्समध्ये लगेच पकडल्या जातात: कॅमेरा वर-खाली झुकला तर जुळलेल्या बिंदूंचा उभा फरक सगळीकडे सारखा येतो, लेन्सच्या अक्षाभोवती फिरला तर तो डावीकडून उजवीकडे एकसारखा वाढत जातो. ही आडवी वळण मात्र उभ्या पॅरॅलॅक्समध्ये फक्त कोपऱ्यांत दिसते, आणि तीही ०.१८ पिक्सेल. मॅचिंगच्या गोंगाटात ती बुडून जाते. म्हणून «उभा पॅरॅलॅक्स स्वच्छ आहे, म्हणजे कॅलिब्रेशन बरोबर» हे म्हणणं अर्धंच खरं.

हे वळण येतं कुठून? कॅमेरा तळाच्या एकाच स्क्रूवर उभा असतो. बॅटरी बदलली, कार्ड काढलं, केबलला हिसका बसला की ०.०१ अंश सहज जातो. दोन स्क्रू किंवा एक स्क्रू आणि एक पिन वापरा, कॅमेऱ्याला पाठीमागून टेकू द्या, वीज ॲडॅप्टरने द्या, शटर बाहेरून दाबा. कॅलिब्रेशन आणि मोजणी यांच्या मधे कॅमेऱ्याला बोट लावायचं नाही. पट्टीच्या तापमानाचाही हिशेब ठेवा: ४०० मिमी ॲल्युमिनियम १० अंश सेल्सिअसने तापलं की ०.०९ मिमी वाढतं, २ मीटरवर ०.४६ मिमीची चूक. कार्बन फायबरची नळी मिळाली तर हा प्रश्नच मिटतो.

लेन्सचं म्हणाल तर ऑटोफोकस बंद, स्थिरीकरण बंद, फोकसची रिंग टेप लावून पक्की. छिद्र एफ/८. एफ/८ ला १.७३ ते २.३७ मीटरपर्यंत पुसटपणा २ पिक्सेलच्या आत राहतो, तुम्हाला तेवढं पुरे. आणखी लहान छिद्राचा मोह टाळा, एफ/१६ ला विवर्तनाचा ठिपकाच २१ मायक्रॉनचा, साडेतीन पिक्सेलचा होतो.

फोटो रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या रूपात) काढा. कॅमेऱ्यातून तयार जेपीईजी घेतला तर त्यावर कॅमेऱ्याने स्वतःची लेन्स-दुरुस्ती आधीच लादलेली असू शकते, आणि रॉ उघडणारं सॉफ्टवेअरही हेच न सांगता करतं. ती दुरुस्ती बंद आहे का बघा, आणि कॅलिब्रेशनचे फोटो व मोजणीचे फोटो एकाच मार्गाने बदला.

---

सूत्रधार

कॅलिब्रेशनचा आरएमएस ०.३१ वाईट नाही, पण तो फार काही सांगतही नाही. विचारायचे प्रश्न वेगळे. बोर्ड कशावर चिकटवला होता? पुठ्ठ्यावर असेल तर तो वाकतो. काचेवर किंवा ॲल्युमिनियम कॉम्पोझिटच्या शीटवर हवा. जोड्या किती? २५–३० घ्या, बोर्ड ३०–४० अंश तिरका, ९० अंश फिरवून, आणि चारही कोपऱ्यांत नेऊन. बोर्ड १.८ ते २.२ मीटरमध्येच ठेवा, फोकस तिथे बांधलेला आहे. आधी प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं कॅलिब्रेशन, मग आतली मूल्यं गोठवून स्टीरिओकॅलिब्रेट.

आणि चौकोन मोजलेत का? हे फार जण सोडून देतात. फाइलमध्ये २५ मिमी लिहिलेला चौकोन छपाईत २५.१ झाला तर ०.४ टक्के चूक, आणि बेसलाइनची लांबी याच आकड्यातून येते. २ मीटरवर ८ मिमी. १० चौकोनांची लांबी एकत्र मोजा, आडवी आणि उभी दोन्ही, कारण प्रिंटर दोन्ही दिशांना सारखं ताणत नाही.

इथे एक फरक लक्षात घ्या. तुम्हाला एकूण अंतर नको, आधी-नंतरचा फरक हवा आहे. स्केल ०.४ टक्क्यांनी चुकलं तर ३ मिमीच्या फरकात चूक ०.०१२ मिमी. नगण्य. तेव्हा स्केलसाठी रात्र जागवू नका, पण दोन मोजण्यांच्या मधे कॅमेरा हलणार नाही याची काळजी दसपट घ्या. नमुन्याच्या चौकटीबाहेर, भाराने न हलणाऱ्या जागी ६ टार्गेट (खुणा) चिकटवा आणि दुसरी मोजणी त्यांच्यावरून पहिलीवर बसवा. टार्गेट एकाच प्रतलात नकोत, काही पुढे काही मागे ठेवा.

---

तिपाई

सगळे दोनच फोटोंवर अडलेत. नमुना स्थिर आहे ना? मग एकच कॅमेरा घ्या, १२–१५ जागांवरून फोटो काढा, कोडेड टार्गेट (सॉफ्टवेअरला ओळखू येणाऱ्या खुणा) आणि दोन स्केल बार (माहीत लांबीच्या पट्ट्या) ठेवा आणि बंडल ॲडजस्टमेंट (सगळ्या फोटोंचं गणित एकत्र सोडवणं) करा. कॅमेऱ्याच्या जागा आणि कॅलिब्रेशन त्यातूनच निघतं, वर लिहिलेली निम्मी भानगड उरत नाही. पट्टी वाकली काय आणि तापली काय.

---

लंबक

स्थिर नमुन्याला तिपाईंचं म्हणणं अचूकतेच्या दृष्टीने बरोबर आहे, मीही तेच निवडेन. अट एकच, की भार दिल्यावर नमुना १५ फोटो होईपर्यंत जागचा हलू नये. काँक्रीट भाराखाली सावकाश सरकत राहतं. फोटो काढायला ५ मिनिटं लागली तर पहिला फोटो एका आकाराचा आणि शेवटचा दुसऱ्याच. अशा वेळी एका क्षणी टिपणारे बांधलेले कॅमेरेच हवेत.

मधला मार्ग म्हणजे तिसरा कॅमेरा, दोघांच्या मधे, डावीकडून १५ सेंमीवर. जवळच्या जोडीत प्रतिमा सारख्या दिसतात, मॅचिंग सोपं जातं. तिथे मिळालेली खोली लांब जोडीत सुरुवात म्हणून वापरायची. एरवी बेसलाइन ४० चे ८० सेंमी केले तर खोलीतली चूक निम्मी होते खरी, पण काँक्रीटच्या खड्ड्यांच्या एका बाजूच्या भिंती दुसऱ्या कॅमेऱ्याला दिसेनाशा होतात आणि खिडक्या जुळत नाहीत. १५ सेंमी अशासाठी की ते अंतर नेमकं अर्धं नसावं. एकसारख्या पुनरावृत्तीच्या टेक्श्चरवर अर्ध्या बेसलाइनची आणि पूर्ण बेसलाइनची चुकीची उत्तरंही एकमेकांशी जुळून जातात.

---

खडबडीत

भार सतत चढवत न्यायचा आहे, म्हणून बांधलेले कॅमेरेच ठेवतो. शेवटचा प्रश्न: साच्याकडच्या बाजूला काँक्रीट अगदी गुळगुळीत आहे. तिथे लीस्ट स्क्वेअर्सचे निम्मे बिंदू बाद होतात. खिडकी ४१ करू का?

---

अर्धा_पिक्सेल

नको. मोठी खिडकी खड्ड्यांच्या कडा आजूबाजूला पसरवते आणि तुम्हाला हवा तोच तपशील पुसते. पृष्ठभागावर ठिपके आणा.

तुम्हाला नमुन्यावरच रंग लावता येतो, ते सर्वात उत्तम. आधी मॅट पांढरा पातळ थर, त्यावर काळे विस्कळीत ठिपके. ठिपका फोटोत ३ ते ५ पिक्सेलचा यावा. तुमच्या मांडणीत १ पिक्सेल म्हणजे ०.३४ मिमी, तर ठिपका १ ते १.७ मिमीचा. काळं-पांढरं अर्धं-अर्धं. याहून बारीक ठिपके पिक्सेलमध्ये विरघळून राखाडी दिसतात आणि लॉकिंग वाढवतात, फार मोठे झाले तर २१ च्या खिडकीत एकच काळा डाग मावतो. ठसा मारून एकसारखी नक्षी काढू नका, ती दर काही सेंमीवर परत आली की मॅचिंगला दोन उत्तरं सारखीच गोड वाटतात.

प्रोजेक्टरने ठिपके पाडणार असाल तर ते एकाच क्षणाच्या जोडीसाठी चालतात, पण नमुना सरकला की ठिपके त्याच्यासोबत सरकत नाहीत. आकार मिळेल, एखादा विशिष्ट बिंदू कुठे गेला ते मिळणार नाही. तुम्हाला भाराखाली तेच हवं असेल, म्हणून रंगच.

चमक असेल तर दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर ९० अंश फिरवलेला पोलरायझर. चकाकणारा डाग दोन कॅमेऱ्यांना वेगवेगळ्या जागी दिसतो, आणि मॅचिंग तो डागच बिंदू समजून त्याला इमानेइतबारे खोली बहाल करतं. तुमच्या नकाशात गुळगुळीत भागावर जिथे सुईसारखे खड्डे दिसतील तिथे मूळ फोटो उघडून चमक आहे का बघा.

---

सूत्रधार

एसजीबीएम आठही दिशांनी (मोड एचएच) चालवायचा विचार असेल तर आधी मेमरी बघा. ६००० × ४००० × १४४ म्हणजे सुमारे ३४६ कोटी घरं, प्रत्येकी २ बाइट, एकच संच जवळपास ७ जीबी. नमुन्यापुरता भाग कापून घ्या. डाव्या आणि उजव्या फोटोतून वेगवेगळ्या ठिकाणी कापलंत तर तो फरक डिस्पॅरिटीत मिळवायचा, आणि दोन्हीकडे वरची कड एकाच ओळीवर हवी.

नवं कॅलिब्रेशन झालं की भाराआधी एक कोरी चाचणी करा: नमुन्याला हात न लावता अर्ध्या तासाच्या अंतराने दोनदा मोजा आणि वजाबाकी करा. त्यात सरासरी ०.१ मिमीच्या आत आणि विखुरणं ०.२ मिमीच्या आसपास आलं तर भार चढवायला सुरुवात करा. सरासरी ठीक पण वजाबाकीत बशी दिसली तर परत कॅमेऱ्याचे स्क्रू.

---

खडबडीत

कोरी चाचणी केली. सरासरी ०.०६, विखुरणं ०.१९, बशी नाही. डाव्या कॅमेऱ्याचा स्क्रू खरंच पाव फेरा सैल होता. आता ठिपके मारायला घेतो.